'मॅड' टिकलं ते जाहिराती न घेतल्यामुळे, की आणखी कशामुळे?

निळीशाई:
'मॅड'वर इथे एकही धागा सापडला नाही, म्हणून मीच काढते. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: न्यूयॉर्कहून १९५२ पासून निघालेलं व्यंगचित्रांचं नियतकालिक. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा एक दात पडलेला हसरा पोरगा, आल्फ्रेड ई. न्यूमन. आत सिनेमांची, टीव्हीची, पुढाऱ्यांची आणि सगळ्यात जास्त जाहिरातींची टर.

माझं म्हणणं आधीच मांडते. 'मॅड'चे चित्रकार थोर होतेच, पण त्याची खरी ताकद एका निर्णयात होती. १९५७ पासून २००१ पर्यंत त्यांनी पैसे घेऊन एकही जाहिरात छापली नाही. प्रकाशक विल्यम गेन्स म्हणायचे की पेप्सीचे पैसे घेऊन कोका-कोलाची खिल्ली उडवणं आम्हाला जमणार नाही. त्या काळात बाकीची अमेरिकन मासिकं सिगारेटच्या पानभर जाहिरातींवर पोसली जात होती, आणि 'मॅड' 'लकी स्ट्राइक'चं 'लाइकली स्ट्राइफ' करून छापत होतं. 'क्रेस्ट' टूथपेस्टच्या जाहिरातीतला गोंडस मुलगा आईला सांगायचा, बघ, एकही दात किडलेला नाही. 'मॅड'ने तसाच मुलगा, तसंच गुळगुळीत रंगवून घेतला, टूथपेस्टचं नाव 'क्रस्ट' केलं आणि पोराच्या तोंडातले दातच गायब केले. जाहिरात कशी फसवते हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला शिकवायला याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

२००१ साली रंगीत छपाईच्या खर्चासाठी जाहिराती आल्या आणि माझ्या मते तिथेच धार बोथट झाली. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी वाचलंय त्यांनी आठवणीही लिहा.

गिरगावकर:
वा! मजा आली. फोर्टात फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडे 'मॅड'चे गठ्ठे असायचे. कव्हर फाटलेलं असलं की स्वस्त. शेवटच्या पानावरच्या घडीच्या चित्राला (पान दुमडलं की लपलेलं उत्तर दिसतं) आधीच्या मालकाने हमखास घडी घातलेली असायची, त्यामुळे उत्तर आधीच फुटलेलं.

खरं सांगायचं तर अर्धे संदर्भ तेव्हा कळत नव्हते. ज्या सिनेमाचं विडंबन असायचं तो सिनेमा इकडे यायला वेळ लागायचा, कधी यायचाच नाही. मॉर्ट ड्रकर यांनी काढलेले चेहरे पाहून मी नट ओळखायला शिकलो, सिनेमे मागाहून पाहिले. आजही ग्रेगरी पेक पडद्यावर आला की मला ड्रकरचा ग्रेगरी पेक दिसतो.

ठाणेकर:
वाचनखूण साठवली. पण मुळात हे कॉमिक बुक होतं ना? सरकारच्या सेन्सॉरला चुकवायला त्याचं मासिक केलं असं ऐकलंय.

चित्रवेडा:
@ठाणेकर, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण घडलं थोडं वेगळं. आणि निळीशाई, तुमच्याशी माझं भांडण इथूनच सुरू होतं.

गेन्सच्या वडिलांनी काढलेली ईसी ही कंपनी मुळात बायबलच्या चित्रकथा वगैरे छापायची. १९४७ साली ते बोटीच्या अपघातात गेले आणि कंपनी मुलाच्या गळ्यात पडली. मुलाने भयकथा आणि गुन्हेकथा काढून ती चालवली. त्यांच्याकडे हार्वी कर्ट्झमन नावाचा एक संपादक होता, युद्धकथा करायचा. एकेका तपशिलासाठी इतका वेळ घालवायचा की त्याच्या हातून अंक कमी निघायचे आणि कमाईही कमीच व्हायची. जास्तीची मिळकत व्हावी म्हणून एक विनोदी अंक काढू असं ठरलं. तेच 'मॅड', ऑक्टोबर-नोव्हेंबर १९५२ चा पहिला अंक, किंमत १० सेंट. कर्ट्झमन पानन् पान स्वतः आखून द्यायचा, मग वॉली वुड, जॅक डेव्हिस, विल एल्डर ते रंगवायचे. चौथ्या अंकात सुपरमॅनचा 'सुपरडुपरमॅन' झाला आणि खपाने उसळी घेतली. एल्डरच्या चौकटी जरूर पाहा. पुढे मुख्य प्रसंग चाललेला आणि मागे भिंतीवर, खिडकीत, कचऱ्याच्या डब्यावर एकेक वात्रट पाटी.

नंतर कर्ट्झमनला दुसऱ्या एका मासिकाकडून नोकरी आली. तो जाऊ नये म्हणून गेन्सने त्याची जुनी इच्छा मान्य केली आणि २४ व्या अंकापासून, जुलै १९५५ मध्ये, 'मॅड' २५ सेंटचं कृष्णधवल मासिक झालं. मासिकांना कॉमिक्स कोड (कॉमिक्समध्ये काय छापायचं नाही याचे नियम) लागू नव्हता, त्यामुळे सुटका झाली ती ओघात. आणि हो, तो कोड सरकारी नव्हता, प्रकाशकांनीच स्वतःवर घालून घेतला होता.

म्हणजे ताकद जाहिरातींच्या निर्णयात नव्हती, एका माणसाच्या डोक्यात होती. जाहिराती बंद होण्याआधीच 'मॅड' 'मॅड' झालं होतं.

भटकभवानी:
कोड सरकारी नव्हता हे बरोबर, पण मागे सिनेटचा दबाव होताच की. २१ एप्रिल १९५४, बालगुन्हेगारीवरच्या उपसमितीपुढे गेन्सची साक्ष. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारे मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थॅमही त्याच दिवशी बोलले. सिनेटर केफॉव्हर यांनी ईसीचं एक मुखपृष्ठ वर धरलं: एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं कापलेलं मुंडकं. हे तुम्हाला सभ्य वाटतं का? गेन्स म्हणाला, हो, भयकथेच्या मुखपृष्ठापुरतं आहे सभ्य. मुंडकं जरा वर धरून मानेतून रक्त ठिबकताना दाखवलं असतं तर असभ्य झालं असतं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हे आल्यावर काय होणार? वर्षा-दीड वर्षात ईसीची एकेक मालिका बंद पडली. शेवटी राहिलं एकटं 'मॅड'. मला वाटतं अधिकाऱ्यांची, पुढाऱ्यांची आणि उपदेश करणाऱ्या तज्ज्ञांची जी खोड 'मॅड'ने पुढे आयुष्यभर काढली, तिचं मूळ त्या दिवसात आहे. प्रकाशकाने सगळं गमावलं होतं, आणखी भ्यायचं कशाला?

गिरगावकर:
+१. भवानी, शेवटचं वाक्य एकदम पटलं.

आणि भीती नव्हती याचा हा पुरावा घ्या. १९५७ साली त्यांनी एक खेळ छापला होता. जिंकणाऱ्याने एफबीआयचे प्रमुख एडगर हूवर यांना पत्र लिहून 'सैन्यभरती चुकवणारा' असं कार्ड मागवायचं. पोरांनी खरंच पत्रं धाडली! एफबीआयची माणसं 'मॅड'च्या ऑफिसात चौकशीला हजर.

मंदार_एडिसन:
मी न्यू जर्सीत असतो. इथे गराज सेलमध्ये 'मॅड'चे जुने अंक अजून मिळतात, आणि गिरगावकर, इथेही घडी घातलेलीच असते :)

त्या घडीच्या चित्रावर थोडं लिहितो. अल जॅफी यांची ती कल्पना. १९६० च्या सुमारास महागडी मासिकं मधलं पान उलगडून मोठं रंगीत चित्र द्यायची. जॅफी म्हणाले, आपण स्वस्तातले, आपण उलटं करू: पान उलगडायचं नाही, दुमडायचं. एप्रिल १९६४ चा अंक. मोठ्या चित्रात एलिझाबेथ टेलर रिचर्ड बर्टनबरोबर, भोवती गर्दी. पान दुमडून 'अ' ही खूण 'ब'ला टेकवली की मधला भाग नाहीसा होतो आणि टेलरबाई गर्दीतल्या पुढच्याच माणसाच्या मिठीत!

अंक चुरगळतो म्हणून संपादक नाही म्हणतील अशी जॅफींना खात्री होती. गेन्स खूश झाले. चुरगळू दे, जपून ठेवायला पोरं दुसरा घेतील.

हे चित्र काढणं किती अवघड असेल विचार करा. जॅफी ते ताठ बोर्डावर रंगवायचे, तो दुमडता येत नाही. म्हणजे दोन टोकं जुळतात की नाही हे खात्रीने कळायचं ते अंक छापून आल्यावर. चित्राखालचा मजकूरही तसाच. पूर्ण वाचला तर एक वाक्य, दुमडून वाचला तर दुसरंच, आणि दोन्ही वाक्यं शुद्ध. अशी सुमारे ५०० चित्रं या माणसाने केली, वयाच्या नव्वदीतही केली.

त्यांचं बालपण माहीत आहे का? १९२१ चा जन्म, जॉर्जिया राज्यातल्या सव्हानाचा. आई मुलांना घेऊन लिथुआनियातल्या आपल्या गावी गेली आणि तिथेच राहिली. वडील अमेरिकेहून रविवारच्या कॉमिक्सची गुंडाळी पाठवायचे, पोरं त्यावर तुटून पडायची. १९३३ मध्ये वडिलांनी त्यांना परत आणलं. आई तिथेच राहिली, आणि नाझींच्या काळात ती मारली गेली असं मानतात. २०२३ मध्ये जॅफी गेले, १०२ वर्षांचे होते. हे कळल्यावर ती चित्रं मी नव्याने पाहिली.

सुलभाताई:
मंदार, छान लिहिलंस रे. मला वाचताना सारखी 'आवाज'च्या दिवाळी अंकाची आठवण येत होती. मधुकर पाटकरांच्या 'आवाज'मधल्या खिडक्या! पानाला कापलेली खिडकी, तिच्यातून दिसणारं चित्र भलतंच चावट, आणि पान उलटलं की आत अगदी साधी गोष्ट. आमच्याकडे मोठी माणसं आधी खिडक्या पाहून घ्यायची, मग अंक मुलांच्या हातात. कुणी कुणाचं पाहून केलं असं मी मुळीच म्हणत नाही हं.

चित्रवेडा:
ताई, खिडकीची आठवण अगदी नेमकी काढलीत. फरक एवढाच की खिडकीत वाचकाच्या मनातला चावटपणा पकडला जातो आणि पान उलटल्यावर तोच ओशाळतो. जॅफींच्या चित्रात उत्तर डोळ्यांसमोर छापलेलंच असतं, पण चित्राच्या दोन टोकांना वाटून ठेवलेलं. आणि विषय बहुतेक वेळा गंभीर: युद्ध, प्रदूषण, निवडणुका.

वकील_पुणे:
कायद्याच्या बाजूनेही 'मॅड'चं नाव घ्यावं लागतं. १९६१ मध्ये त्यांनी गाजलेल्या गाण्यांच्या चालींवर बसतील अशी विडंबनगीतं एका विशेषांकात छापली. स्वरलिपी नाही, फक्त 'अमुक गाण्याच्या चालीवर' एवढी सूचना. अर्व्हिंग बर्लिन आणि इतर संगीतकारांच्या प्रकाशकांनी खटला भरला. मागणी काय, तर प्रत्येक प्रतीतल्या प्रत्येक गाण्यामागे एक डॉलर, म्हणजे लाखो डॉलर! खालच्या कोर्टाने २५ पैकी २३ गाण्यांवर 'मॅड'च्या बाजूने निकाल दिला. १९६४ मध्ये अपील कोर्टाने उरलेली दोनही सोडवली. न्यायाधीश कॉफमन यांनी लिहिलं की विडंबन करायचं तर मूळ कृतीची आठवण होण्यापुरतं तिच्यातून घ्यावंच लागतं, आणि एखादं वृत्त कुणाच्या मालकीचं असू शकत नाही. सुप्रीम कोर्टाने प्रकरण हातात घ्यायला नकार दिला.

अमेरिकेत आज कुणीही गाण्याचं विडंबन करतं, त्याला हा निकाल आधार आहे. निळीशाई, जाहिरातदार नसल्यामुळे 'मॅड'वर तडजोडीसाठी दबाव कमी होता हा तुमचा मुद्दा इथे लागू होतो असं मला वाटतं. जाहिरातदार असते तर पहिल्याच नोटिशीला माफी छापली गेली असती.

स्वरूपा:
सगळे गेन्सचं कौतुक करताहेत म्हणून दुसरी बाजू लिहिते. मी स्वतः चित्रं काढून पोट भरते, त्यामुळे हे मला लागतं.

गेन्स मानधन चांगलं द्यायचा, काम पसंत पडलं की लगेच चेक. पण सगळे हक्क त्याचे. चित्र पुन्हा छापा, पुस्तकात घ्या, परदेशी आवृत्तीत घ्या, चित्रकाराला त्याचे हक्काचे पैसे नाहीत. मूळ चित्रंही बरीच वर्षं त्याच्याच तिजोरीत. डॉन मार्टिन आठवतोय का? लांब हनुवटीची, पाय दुमडलेली माणसं आणि ते चित्रविचित्र आवाज? तीस वर्षं 'मॅड'चा कणा होता. त्याच्या चित्रांची पुस्तकं धडाधड खपली. हक्कांवरून वाद झाला आणि १९८७ मध्ये तो प्रतिस्पर्धी 'क्रॅक्ड'कडे गेला. कर्ट्झमनही मालकीतला मोठा वाटा मागून, तो न मिळाल्यावर १९५६ मध्येच बाहेर पडला होता.

साऱ्या जगाची लबाडी उघडी पाडणाऱ्या अंकाने स्वतःच्या चित्रकारांना असं वागवावं? जाहिरातदाराचे पैसे घेतले नाहीत म्हणून सुटका होत नाही.

निळीशाई:
स्वरूपा, डॉन मार्टिनच्या बाबतीत जे झालं तो अन्याय होता, त्यावर माझं दुमत नाही. पण वाचकाशी इमान आणि चित्रकाराशी व्यवहार या दोन गोष्टी मी वेगळ्या मोजते. पहिली गेन्सने शेवटपर्यंत पाळली, दुसरीत तो कमी पडला.

तरी हाच माणूस दरवर्षी सगळ्या चित्रकार-लेखकांना स्वखर्चाने परदेशी सहलीला न्यायचा. पहिली सहल १९६० मध्ये, हैतीला. तिथे 'मॅड'चा एकच वर्गणीदार होता आणि त्याने वर्गणी भरायची थांबवली होती. गेन्स अख्खी मंडळी घेऊन त्याच्या दारात गेला आणि वर्गणी भेट देऊन आला.

गिरगावकर:
आपल्याकडचे संपादक वर्गणी संपली की पोस्टकार्ड पाठवायचे, हा विमानाने आला!

स्वरूपा:
सहल छान. पण रॉयल्टीचा चेक म्हातारपणी उपयोगी पडतो.

ठाणेकर:
@स्वरूपा +१००.

मला आणखी एक प्रश्न. गेन्स मालक होता म्हणून त्याला जाहिराती नाकारता आल्या ना? की तो नोकर होता?

वकील_पुणे:
चांगला प्रश्न. १९६१ मध्येच त्याने 'मॅड' विकलं होतं, 'प्रीमियर इंडस्ट्रीज' या खिडक्यांचे पडदे बनवणाऱ्या कंपनीला! तिथून ते किनी नॅशनलकडे, मग वॉर्नरकडे गेलं. सुपरमॅन छापणाऱ्या ज्या डीसी कॉमिक्सने 'सुपरडुपरमॅन'वरून खटल्याची धमकी दिली होती, ती कंपनी आणि 'मॅड' अखेर एकाच छपराखाली आले. मालक बदलले तरी गेन्सने कुणालाही आत ढवळाढवळ करू दिली नाही. खप वाढता होता, म्हणून मालकही गप्प राहिले. १९७३-७४ च्या सुमारास एकेका अंकाच्या २० लाखांहून जास्त प्रती जात होत्या.

चित्रवेडा:
बघा, पुन्हा माणसावरच आलं. आणि तो खप संपादक अल फेल्डस्टीनचा. कर्ट्झमनचा मी भक्त आहे, पण १९५६ ते १९८४ अंक वेळेवर काढून, नवे लोक हेरून घर उभं केलं ते फेल्डस्टीनने. आल्फ्रेडचा चेहराच घ्या. तो पोरगा 'मॅड'ने जन्माला घातला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जाहिरातींत, पोस्टकार्डांवर तो फिरत होता. कर्ट्झमनने तो उचलला. फेल्डस्टीनने साठीच्या नॉर्मन मिंगोकडून त्याचं रीतसर व्यक्तिचित्र करून घेतलं आणि डिसेंबर १९५६ च्या मुखपृष्ठावर त्याला अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभं केलं.

अँटोनियो प्रोहियासही फेल्डस्टीनच्या काळातला. क्युबातला नावाजलेला व्यंगचित्रकार. कॅस्ट्रोवर चित्रं काढली म्हणून त्याच्यावर सीआयएचा हेर असल्याचा आळ आला. १९६० मध्ये न्यूयॉर्कला पळून आला, इंग्रजी येत नव्हतं, दुभाष्या म्हणून मुलीला घेऊन 'मॅड'च्या ऑफिसात शिरला. सोबत दोन हेरांची चित्रकथा: एक काळा, एक पांढरा, दोघे सारखेच बेरकी, कुणीही बरोबर नाही. हेर म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाने शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंना असं उत्तर दिलं, तेही एका शब्दाशिवाय. शीर्षकाखाली मोर्स कोडमध्ये स्वतःचं नाव मात्र लिहायचा.

भटकभवानी:
हे मोर्सचं माहीत नव्हतं! आजवर नक्षी समजत होते.

बरं, 'मॅड'च्या आधी अमेरिकेत असं काहीच नव्हतं का?

चित्रवेडा:
होतं की. 'पक' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक. काढणारा व्हिएन्नाहून आलेला जोसेफ केप्लर, १८७६ मध्ये न्यूयॉर्कहून जर्मन आवृत्ती, १८७७ पासून इंग्रजी. दगडावरची रंगीत छपाई, मधल्या दोन पानांवर पसरलेलं राजकीय चित्र. १८८४ च्या निवडणुकीत ब्लेन या उमेदवाराच्या अंगभर त्याच्या भानगडी गोंदवून 'पक'ने त्याला उघडा उभा केला. त्याचा प्रतिस्पर्धी क्लीव्हलंड थोडक्यात निवडून आला. मॅनहॅटनमध्ये 'पक'ची इमारत अजून उभी आहे, सोनेरी पुतळ्यासकट. पण 'पक' जाहिराती छापायचं, आणि तरीही मक्तेदार कंपन्यांवर तुटून पडायचं. निळीशाईंच्या सिद्धांताला हे जरा अडचणीचं आहे. शेवटी वृत्तपत्रांचा मालक हर्स्टने विकत घेतलं आणि १९१८ मध्ये बंद पडलं.

निळीशाई:
अडचणीचं नाही. 'पक'चं वैर पुढाऱ्यांशी आणि मक्तेदारांशी होतं, जाहिरातींशी नव्हे. 'मॅड'चा मुख्य बळीच जाहिरात होती. ज्याची सोंगं काढायची त्याच्याच घरी जेवायला जाता येत नाही.

मंदार_एडिसन:
मूळ प्रश्नावर येतो. मला नाही वाटत की २००१ च्या जाहिरातींनी 'मॅड'ला मारलं. गेन्स १९९२ मध्ये गेले, त्याच्या आधीच खप खूप उतरला होता. कारण 'मॅड' वाचून मोठी झालेली पिढी टीव्हीवर लिहायला लागली. जे विनोद दर दीड महिन्याने अंकात मिळायचे ते रोज रात्री फुकट मिळू लागले, पुढे फोनवर दर मिनिटाला. २०१७ मध्ये न्यूयॉर्कचं ऑफिस बंद करून कॅलिफोर्नियात बरबँकला नेलं, २०१९ मध्ये नवा मजकूर जवळपास थांबला, आता बहुतेक जुनंच पुन्हा छापतात. त्याच वर्षी ट्रम्पनी डेमोक्रॅट पक्षाचे तरुण नेते पीट बुटजेज यांना आल्फ्रेड न्यूमन म्हणून हिणवलं, आणि बुटजेज म्हणाले की मला ते गूगल करून पाहावं लागलं. माझी मुलंही जुने अंक चाळतात, पण ज्या जाहिरातीची नक्कल आहे ती त्यांनी पाहिलेलीच नसते.

स्वरूपा:
मंदार, जाहिरात ओळखीची नसली तरी युक्ती कळते की. माझ्या भाचीला मी तो 'क्रस्ट'वाला मुलगा दाखवला. तिला 'क्रेस्ट' माहीत नाही. तिने लगेच विचारलं, मग हे विकतायत काय? या प्रश्नासाठी मी गेन्सला बरंच माफ करायला तयार आहे, रॉयल्टी सोडून.

ठाणेकर:
आता वाचायचंच. सुरुवात कुठून करू?

गिरगावकर:
साठच्या दशकातल्या अंकांपासून. आधी सर्जिओ अरागोनेस यांची समासातली इवलीशी चित्रं शोध, त्यांना वाचायला इंग्रजीही लागत नाही. मग दोन हेर, मग ड्रकर. घडीचं पान शेवटी, आणि दुमडण्याआधी नुसत्या नजरेने उत्तर ओळखून बघ. माझ्याकडे काही अंक आहेत, ठाण्यालाच येणार आहे पुढच्या आठवड्यात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

ठाणेकर:
केला.